ग्योतोकूतली बाबाअन्ने

रस्त्यावर कुणीही काम करताना दिसलं की माझी सासू थांबायची आणि त्याला आशीर्वाद द्यायची. कचऱ्याची गाडी आली, थांबली. विजेच्या खांबावर माणूस चढलाय, थांबली. टोकियोजवळच्या आमच्या ग्योतोकू स्टेशनसमोर रस्ता खणून ठेवलाय आणि लाल दांडा हलवत एक म्हातारबाबा लोकांना बाजूने जायला सांगतायत, त्यांच्यासमोर तर ती छातीवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, “कोलाय गेल्सिन!” म्हणजे, काम तुम्हाला सोपं जावो. त्या बिचाऱ्याला तुर्कीचं ओ की ठो कळत नसे, पण समोरच्या बाईने मान लववली म्हणजे आपण कमरेत वाकायचं, हे जपानी माणसाच्या हाडात असतं. तो वाकला की ही पुन्हा मान लववणार, की तो पुन्हा वाकणार. मी मागे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताटकळत उभी. “अन्ने, चल ना गं आता, आइस्क्रीम वितळलं!” मग ती चालू लागायची आणि वर मलाच सुनवायची, “जरा थांबलं तर काय बिघडतं, कझम? तो दिवसभर उभा आहे.”

कझम म्हणजे माझी मुलगी. सुनेला ती कधी दुसरं काही म्हणाली नाही. मीही तिला अन्ने, म्हणजे आई म्हणायचे. माझ्या माहेरी, ठाण्याला, सासूला ‘अहो’ म्हणतात हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती खो खो हसली आणि म्हणाली, “मग काय मी परकी आहे का?” म्हणून ती माझ्यासाठी कायमची ‘ती’ झाली. माझ्या मुलींची ती बाबाअन्ने, म्हणजे बाबाची आई. पुढे आमच्या इमारतीतल्या मराठी कुटुंबांची, भारतीय दुकानातल्या भाईंची, सगळ्या ग्योतोकूचीच ती बाबाअन्ने झाली.

मी टोकियोतल्या तोयोसूला सॉफ्टवेअरमध्ये. माझा नवरा एम्रे तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचा, जहाजांच्या इंजिनांच्या कंपनीत. आमची ओळख टोकियोत जपानी शिकण्याच्या वर्गात झाली आणि तिथे आम्ही दोघंही ढ होतो. लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा माझ्या आईने आधी डोक्याला हात लावला. मग आठवडाभर फोन घेतला नाही, आणि मग एकच प्रश्न विचारला, “जेवायला काय घालणार आहेस त्याला?” तिकडे बुर्साला माझ्या सासूने एम्रेला विचारलं होतं, “मुलगी चहा पिते का?” पिते म्हटल्यावर म्हणाली, “मग निभेल.” घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही, फक्त आमच्या दोन चुलींमध्ये दोन समुद्र होते.

ती दर वर्षी वसंतात तीन महिन्यांसाठी यायची. व्हिसाशिवाय तेवढंच राहता येतं. येताना हिरव्या सूटकेसमध्ये ऑलिव्ह, चीज, सुकवलेली वांगी आणि टॉवेल. आयुष्यभर ती टॉवेलच्या कारखान्यात कामाला होती. जपानी दुकानात शिरली की आधी टॉवेलचा कोपरा अंगठा आणि बोटामध्ये धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. बहुतेक वेळा निकाल वाईटच असायचा. विक्रेती मुलगी गोड हसत उभी असायची आणि अन्ने तिच्याकडे बघून तितक्याच गोडपणे तुर्कीत म्हणायची, “पोरी, हे फरशी पुसायला ठीक आहे.”

मीरा झाली तेव्हा ती पहिल्यांदा आली. नेमका आईचा पासपोर्ट अडकलेला, त्यामुळे बाळंतपण सासूच्या हाती. मला वाटलं, झालं, आता आपलं काही खरं नाही. पण आमच्यात सव्वा महिना, त्यांच्यात चाळीस दिवस. आमच्यात बाळंतिणीने वारं लागू द्यायचं नाही, त्यांच्यातही नाही. आईने कुणाच्या तरी हाती अळीवाचे लाडू पाठवले, अन्नेने लवंग-दालचिनीचं लालभडक सरबत केलं. मी दोन्ही घेत होते आणि फुगत होते. भांडण झालं ते मिठावरून. अन्नेला बाळाच्या अंगाला मीठ चोळायचं होतं. त्यांच्याकडची जुनी रीत; मीठ चोळलं नाही तर म्हणे माणसाच्या घामाला जन्मभर वास येतो. मी किंचाळलेच. “माझ्या लेकीचं काय लोणचं घालायचंय का?” एम्रेने याचं भाषांतर करायला नकार दिला, पण तिला ते न सांगताच कळलं. दुसऱ्या दिवशी टबातल्या पाण्यात तिने चिमूटभर, अगदी चिमूटभरच मीठ टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी बेसन-साय लावायला घेतलं आणि तिच्याकडे बघितलं. इतकाच आमचा तह. पुढे धाकट्या आयलिनच्या वेळी तिने स्वतःच साय बाजूला काढून ठेवली होती.

खरी भीती मला निराळीच होती, आणि ती मीरा पोटात असल्यापासून होती. आजूबाजूच्या घरांत मी बघत होते. आईबाप दोघंही पुण्याचे, मराठीच बोलणारे, तरी पोरं उत्तर द्यायची जपानीत. मग आमच्या घरात, जिथे नवराबायकोच एकमेकांशी इंग्रजी बोलतात, तिथे मराठीचा काय टिकाव लागणार? माझी आई ठाण्यात फोनपुढे बसेल, नात हसेल, हात हलवेल आणि दोघींना एकमेकींशी बोलायला एक शब्द असणार नाही.

अन्नेची दुसरी सवय जेवणाच्या टेबलावरची. मी काहीही वाढलं, अगदी घाईत केलेली मुगाची खिचडी का असेना, पहिला घास घेतला की ती म्हणायची, “एल्लेरिने साऽलक.” तुझ्या हातांना आरोग्य लाभो. दर वेळी, न चुकता. आमच्याकडे पंगतीत ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात, पण रोजच्या भाजीला काय मिळतं? ‘मीठ कमी आहे.’ मी आयुष्यात एवढं कौतुक ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. ताटात मात्र शीत ठेवू द्यायची नाही. “टाकलेलं अन्न तुझ्या मागे मागे रडत येतं,” असं मुलींना सांगायची. आयलिन एकदा पाळणाघरातून दारात येऊन मागे वळून बघत राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, गाजर येतंय का बघतेय.

आता त्या वर्षाचं सांगते. मीरा चार वर्षांची होत आली होती आणि बोलत नव्हती. म्हणजे एखाददुसरा शब्द, तोही तुटक, कधी या भाषेतला, कधी त्या. पाळणाघरात तर मूग गिळून बसायची. तिथल्या सेन्सेबाई, म्हणजे शिक्षिका, भल्या होत्या, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आम्हाला बोलावून समजावलं, की मूल गोंधळलंय, घरी तुम्ही दोघांनीही फक्त जपानी बोला. डॉक्टरांनी कान तपासले, कान ठणठणीत होते. आम्ही घाबरलो होतो हो. रात्रंदिवस मनात तेच. शेवटी एम्रे म्हणाला, “आपल्या हौसेपायी पोरीचं नुकसान नको.” मीही मान डोलावली. मी मराठी गुंडाळून ठेवली, त्याने तुर्की. आणि दोघं त्या ढ विद्यार्थ्यांच्या जपानीत लेकीशी बोलायला लागलो. ‘हात धू.’ ‘इकडे ये.’ ‘छान आहे.’ याच्या पलीकडे आमची गाडी सरकायची नाही.

त्याच वसंतात अन्ने आली. एव्हाना तिची तुर्की मला समजायला लागली होती. दोन दिवस तिने नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची दुमजली किटली टेबलावर ठेवून म्हणाली, “बसा दोघं.” आम्ही बसलो. “या घरात कुणी मेलंय का?” तिने विचारलं. “कुणी गाणं म्हणत नाही, कुणी ओरडत नाही, कुणी पोरीला वेडी म्हणत नाही. परक्या भाषेत हुकूम देता येतो, लाड करता येत नाहीत.” एम्रे सेन्सेबाईंचं सांगायला लागला. तिने हाताने थांबवलं. “त्या बाईंना माझा सलाम सांग. जपानी त्या शिकवतील, त्यांचं ते काम आहे, अल्ला त्यांना सोपं करो. पण पोरगी मुकी नाही. ती ऐकतेय. कान भरल्याशिवाय तोंड उघडत नाही.”

मला वाटलं, आता म्हणेल की घरात तुर्की बोला. कोणती सासू म्हणणार नाही? बाळ तिच्या वंशाचं, आडनाव तिच्या घराचं. तर ती माझ्याकडे वळली. “आधी तू. तू तुझ्या आईच्या भाषेत बोल. माझ्या भाषेचं नंतर बघू. मी काय, तीन महिन्यांची पाहुणी. पण जी मुलगी आईची भाषा बोलत नाही, ती आईशी भांडणार कशी?”

माझ्या सासूचा मला अभिमान का वाटतो असं कुणी विचारलं ना, तर मी ही सकाळ सांगते. माझी मराठी टाकायला मी तयार झाले होते, आणि ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिली ती एका तुर्की बाईने, जिला मराठीतलं ‘चहा’ सोडून काही येत नव्हतं.

नुसतं सांगून थांबली असती तर ती अन्ने कसली! तिने रोज दुपारी माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावायचा सपाटा सुरू केला. ठाण्यात तेव्हा सकाळ, आईची स्वयंपाकाची वेळ. इकडे अन्नेचा फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, तिकडे आईचा मिक्सरला. ही तुर्कीत बोलणार, ती मराठीत, आणि दोघी एकमेकींना भांडी दाखवणार. आईला सुरुवातीला कोण संकोच! पहिल्या दिवशी तर पैठणी नेसून बसली होती. मग हळूहळू गाऊनवर आली. मला चोरून विचारायची, “काय गं, विहीणबाई रागीट आहेत का? फार मोठ्याने बोलतात.” अन्ने मला विचारायची, “तुझी आई आजारी आहे का? इतकं हळू बोलते.” मीराला ती ओट्याशेजारी उंच स्टुलावर बसवून ठेवायची आणि हातात काहीतरी निवडायला द्यायची. बोल म्हणून एकदाही म्हणाली नाही.

एके दिवशी मी घरून काम करत होते. बाहेरच्या खोलीत माझी मीटिंग चालू, आत दोघींचा फोन. अन्ने सारमा करत होती. सारमा म्हणजे द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेली बोटाएवढी वळकटी. आईच्या हातात योगायोगाने अळूवडीची पानं. आईने तिचा उंडा कॅमेऱ्यासमोर धरला, चांगला मनगटाएवढा. अन्नेने तिची सारमा धरली, पेन्सिलीसारखी. आई म्हणाली, “अगं बाई, एवढीशी? एवढ्याने कुणाचं पोट भरतं?”

“काय म्हणतेय?” अन्नेने तुर्कीत विचारलं. माझी मीटिंग चालू, मी काही जाऊ शकत नव्हते. अन्नेने स्टुलाकडे बघितलं असणार. आणि मग मीराचा आवाज आला, तुर्कीत, “छोटी आहे म्हणतेय. पोट नाही भरत.”

मी माइक बंद केला. आत अन्नेने आरडाओरडा केला नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. जणू पोरगी जन्मापासून दुभाषाचं काम करतेय अशा थाटात तिने फणकाऱ्याने उत्तर दिलं, “तिला सांग, जाड सारमा आळशी सून करते!”

आणि माझी लेक, माझी मुकी लेक, फोनकडे वळून खणखणीत मराठीत म्हणाली, “आजी, तू आळशी सून आहेस!”

तिकडे आईचा उंडा हातातून पडला. मीराच्या आयुष्यातलं पहिलं धड मराठी वाक्य, आणि ते माझ्या आईचा उद्धार करणारं. आई आधी हसली, मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती पदर नसताना गाऊनच्या बाहीने डोळे पुसायला लागली. “विहीणबाईंना सांग,” ती म्हणाली, “सांग त्यांना, की माझ्या सासूबाईसुद्धा हेच म्हणायच्या!” मीराने सांगितलं. मी तशीच आत धावले, तेव्हा अन्ने शांतपणे पुढचं पान उलगडत होती. “रडू नकोस,” मला म्हणाली. “पोरीला वाटेल काहीतरी मोठं घडलं. घडलेलं नाही. दोन म्हाताऱ्या भांडल्या.”

त्यानंतर त्या दोघींनी भांडायचं सोडलं नाही. भातात तूप आधी की नंतर, दह्याला झाकण घट्ट की सैल, मुलींचे केस कापावेत की वाढवावेत. मध्ये मीरा, आणि पुढे आयलिनही. पोरी अशा तयार झाल्या म्हणता! ग्योतोकूच्या हॉलमध्ये आमचा गणपती असतो, तिथे मीराने निवेदन केलं, तेव्हा मराठी बायका मला गाठून विचारू लागल्या, “क्लास कुठला लावलास गं?” मी ऐटीत म्हणायचे, “तुर्की सासू लावली.” त्या वर्षी अन्ने वसंताऐवजी मुद्दाम गणपतीलाच आली होती. ती स्वतः नमाज पढणारी, रोजे धरणारी. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली, आरती चालू असताना छातीवर हात ठेवून उभी राहिली, नात बोलत असताना ‘माशाल्ला, माशाल्ला’ पुटपुटत राहिली आणि मग मोदकाच्या कळ्या मोजून करणारी कोण म्हणून चौकशी करायला थेट स्वयंपाकाच्या टेबलाशी गेली. तिथे कोलाय गेल्सिन झालंच.

मागच्या वर्षी ती आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. यंदा सूटकेस भरायला काढली होती, असं नणंद सांगते. रविवारी सकाळी बुर्साहून फोन आला. झोपेतच गेली. एम्रे खुर्चीवर बसून राहिला, मग उठला आणि मिळेल त्या विमानाने निघाला. मुलींची शाळा, माझा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, आम्ही इथेच राहिलो. दारात तो म्हणाला, “हलवा भाजशील ना?”

तुर्कस्तानात कुणी गेलं की त्या घरात रव्याचा हलवा भाजतात. घरातल्या प्रत्येकाने पळी हातात घ्यायची, ढवळायचं, आणि ढवळता ढवळता गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कढईत लोणी घातलं, रवा टाकला. मीराने एक फोन बुर्साला माझ्या नणंदेला, सेव्गीला लावला. दुसरा ठाण्याला. आईने कढई बघितली आणि तिचा चेहराच बदलला. सुतकात आपल्याकडे चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. “अगं, शिरा करतेस?” तिचा आवाज चढला. “सासू गेली ना तुझी? गोडधोड कसलं करतेस? लोक काय म्हणतील?”

मी रवा भाजत राहिले, नुसता भाजत राहिले.

मीरा म्हणाली, “आजी, हा सणाचा शिरा नाहीये. त्यांच्याकडे म्हणतात, की वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. म्हणून घरात भाजतात. आणि भाजताना तिच्याबद्दल बोलायचं असतं. तू तिची विहीण ना? तू पण बोल.”

ही माझी अकरा वर्षांची लेक. मी तिच्याकडे बघतच राहिले. मग तिकडे आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची ओढून ती बसली.

“मला त्यांचं एक अक्षर कळायचं नाही,” आई म्हणाली. “पण रोज सकाळी फोन वाजला की वाटायचं, आपल्याशी भांडायला कुणीतरी आहे. माझी नात मला परकी झाली असती. त्यांनी होऊ दिली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने केलं नसतं.”

मीराने ते तुर्कीत सांगितलं, सबंध, कुठे न अडखळता. सेव्गी तिकडे तोंडावर हात धरून रडत होती. मग ती बोलली, की अन्ने दर वर्षी परत गेली की सगळ्या गल्लीला सांगायची, हिंदुस्थानात माझी एक बहीण आहे, स्वयंपाक जाड करते, पण मनाने फार चांगली आहे. मीराने ते मराठीत सांगितलं. आई रडता रडता हसली.

मग पळी माझ्याकडे आली. मी म्हणाले, “तिने मला कझम म्हटलं, आणि ते खरं करून दाखवलं.” इतकंच जमलं. आयलिन म्हणाली, तिचे टॉवेल सगळ्यात मऊ असतात. मग मीराने पळी घेतली. रवा आता खरपूस झाला होता, सगळ्या घरात वास भरला होता. तिने ढवळलं आणि बोलायला लागली, आजीसाठी नाही, आत्यासाठी नाही, सरळ कढईकडे बघत, तिच्या बाबाअन्नेच्या तुर्कीत. पुष्कळ वेळ बोलली. शेवटी थांबली, नाक पुसलं आणि सवयीने फोनकडे वळली, मराठीत सांगायला.

“राहू दे गं,” ठाण्याहून आई म्हणाली. “कळलं मला.”